अर्धा सूत

पाण्याची टाकी फुटली, खालचं कडं तेवढं राहिलं
देवपुरातल्या आमच्या मागच्या अंगणात.
सिमेंटचं, सहा फूट व्यासाचं.
कोकिळा म्हणाली, यात कमळं लावू.
काठाला फरशी मात्र चौकोनी,
पारोळ्याला तिच्या भावाच्या न्हाणीघरातून उरलेली,
आठ इंची, विटकरी, तीन खोकी.
फुकटची आहे म्हणून वळेलही, असं तिला वाटलं असावं.

हिलाल मिस्त्री आधी काहीच बोलला नाही.
कड्याभोवती उकिडवा फिरला,
एक फरशी काठाला टेकवली, दुसरी तिच्या शेजारी.
आत टोकाला टोक,
बाहेर दोन इंचांची पाचर उघडी.
चुलीभोवती बसलेल्या बायांसारख्या त्या दिसल्या,
गुडघे जवळ, पाठी लांब.

भटूने कटर लावला.
पहिली तिरकी फुटली,
दुसरीचा कोपरा टपकन पाण्यात,
तिसरीला लाईट गेली.
धूळ त्याच्या भुवयांवर बसली, पोरगा एकदम म्हातारा दिसायला लागला.
कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा.
जेवताना हिलाल म्हणाला, कापायचीच नाही.
चौकोन चौकोनच राहू दे,
पाचरी भरू कशाने तरी.

दुपारभर त्याने फरश्या कोरड्याच मांडल्या.
अठ्ठावीस.
आणि अठ्ठाविसावी नि पहिली यांच्यात
उरली दोन बोटं जागा.
एकोणतिसावी मावत नाही, दोन बोटांची चकती कापावी
तर ती दातात अडकल्यासारखी दिसणार.

मी मोजणी खात्यातून निवृत्त. तेहतीस वर्षं
साखळी ओढली, शंकू रोवला, हद्दीचे दगड दाखवले.
फरक उरतोच, हे मला कुणी शिकवायला नको.
म्हणून मी सुचवलं,
मागच्या बाजूला ढकल की.
खोलीत नाही का तुम्ही तुकडे दाराआड लावता,
कपाटाखाली घालता?

हिलाल हसला. तंबाखू मळत म्हणाला,
"साहेब, गोलले पाठ नही ऱ्हास."

मी कड्याभोवती एक फेरी मारली.
मोरीकडून पाहिलं, पेरूखालून पाहिलं,
स्वयंपाकघराच्या खिडकीत जाऊन पाहिलं.
जिथे उभा राहीन तिथून तीच पुढची बाजू.

साक्रीकडच्या एका गावी दोन भावांचा बांध
मी तीन वेळा मोजला होता, तिन्ही वेळा वेगळा आला.
वर एकच आकडा लिहून दिला.
उरलेला दीड हात
नाल्याकाठच्या पोटखराब्यात घातला.
तिथे कोण बघतं?
धाकटा भाऊ बघायचा. दर पेरणीला
तिथे जाऊन उभा राहायचा, असं नंतर कळलं.
हे मी कोकिळेला कधी सांगितलेलं नाही.

हिलालने सुतळीचे बारीक तुकडे केले,
दोन-दोन फरश्यांच्या मधे एकेक सरकवला.
"अर्धा सूत," तो म्हणाला,
"सगळासले वाटी दिऊत."
भटू रांगत रांगत पुढे, फरश्या किंचित किंचित मागे,
आणि ती दोन बोटं
आमच्या तिघांच्या डोळ्यांदेखत
कमी कमी होत गेली.
कुठे गेली, ते बोट ठेवून दाखवता येईना.

पाचरींत कोकिळेने पांझरेचे गोटे दाबले,
मोठे बाहेर, बारीक आत.
दोन ठिकाणी तिच्या जुन्या कपाचे तुकडेही आहेत,
निळ्या फुलांचे.

आता मी संध्याकाळी काठावर बसतो,
सांध्यांवरून नख फिरवतो.
कुठलाच दुसऱ्यापेक्षा रुंद लागत नाही.
तरी मोजतो. सवय.

पाणी मात्र पेरूच्या बाजूला थोडं सांडतं.
भटूला विचारलं तर म्हणाला,
ते लेव्हलचं, ते वेगळं.
कोकिळेने तिथे अळू लावलाय.